फ्लोमला किती दिवस राहावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नॉर्वेच्या पश्चिम भागातील फ्लोम या एकाच गावाविषयी आहेत. जेमतेम साडेतीनशे-चारशे वस्तीच्या या गावाविषयी इतकी उत्सुकता असावी, याचा मला मनापासून आनंद झाला. मी तेथे दोनदा राहिले आहे, एकदा जूनमध्ये आणि एकदा सप्टेंबरच्या अखेरीस. त्या अनुभवाच्या आधारे निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून जूनमध्ये एका सहल कंपनीबरोबर नॉर्वेला जाणार आहोत. कार्यक्रमपत्रिकेत ‘फ्लाम : तीन तास’ एवढेच लिहिले आहे. तेवढ्या वेळात गावातील कोणकोणती प्रेक्षणीय स्थळे पाहून होतील? (एक दांपत्य, नाशिक)

उत्तर : आधी नावाविषयी थोडे सांगते. नॉर्वेजियन लिपीत या नावातील ‘ए’ अक्षराच्या डोक्यावर एक छोटे वर्तुळ असते आणि त्या अक्षराचा उच्चार ‘ओ’च्या जवळ जातो, म्हणून ‘फ्लाम’ नव्हे, ‘फ्लोम’. उंच डोंगरांच्या मधल्या लहानशा सपाटीला जुन्या नॉर्स भाषेत जो शब्द होता, त्यावरून हे नाव पडले. गाव पाहिल्यावर ते किती नेमके आहे हे लगेच पटते, कारण आउरलांडफ्योर्ड या डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या अगदी टोकाला, तिन्ही बाजूंनी उभ्या कड्यांनी वेढलेला जमिनीचा एक चतकोर तुकडा म्हणजे फ्लोम.

आता मुख्य मुद्दा. आपण ज्याला गाव म्हणून उतराल, ती खरे तर बंदराभोवतीची वस्ती आहे : रेल्वे स्थानक, बोटींचा धक्का, दोन-तीन हॉटेले, भेटवस्तूंची दुकाने आणि एक सुपरमार्केट. यादी करून पाहावीत अशी ‘स्थळे’ तेथे फारशी नाहीत. जुन्या स्थानकाच्या इमारतीतील रेल्वेचे छोटे संग्रहालय मात्र चुकवू नये. उरलेल्या वेळात दुकानांत न रेंगाळता नदीच्या काठाने दरीत आत चालत जावे. सुमारे ३ किलोमीटरवर जुने फ्लोम आहे आणि तेथे १६७० सालचे लाकडी चर्च आहे. रस्ता जवळजवळ सपाट आहे, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला शेते आहेत, आणि जूनमध्ये वर बर्फ वितळत असल्याने कड्यांवरून पाण्याच्या धारा लोंबत असतात. या नदीत गळाने सामन मासा धरण्यासाठी एकोणिसाव्या शतकात श्रीमंत इंग्रज येऊन राहत असत. फ्लोममधील पर्यटनाची सुरुवात त्यांच्यापासून झाली. चालत जाऊन-येऊन दीड-पावणेदोन तास लागतात, म्हणजे आपल्या तीन तासांत हे सहज बसते.

तरीही कळकळीने सांगावेसे वाटते की कंपनीला विनंती करून किंवा सहलीच्या शेवटी स्वतंत्रपणे, फ्लोममध्ये अथवा शेजारच्या आउरलांडमध्ये निदान दोन रात्री राहता आले तर पाहावे. उन्हाळ्यात सकाळी मोठी पर्यटक जहाजे धक्क्याला लागतात आणि काही तासांपुरती गावात माणसेच माणसे होतात. दुपारनंतर जहाजे भोंगा देऊन निघू लागतात, गाड्यांच्या फेऱ्या विरळ होतात, आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, लख्ख उजेड असतानाच, गाव अचानक मोकळे होते. पाण्यावर समोरच्या डोंगराचे प्रतिबिंब स्थिर होते आणि दिवसभर गर्दीत दबून गेलेला नदीचा आवाज धक्क्यापर्यंत ऐकू येऊ लागतो. त्या वेळी मी धक्क्यावरच्या बाकावर दोन तास बसून होते आणि तेवढ्या वेळात माझ्या समोरून एक सायकलवाला आणि एक आजोबा, एवढेच लोक गेले. तीन तासांच्या थांब्यात ही संध्याकाळ मिळत नाही.

प्रश्न : फ्योर्ड म्हणजे समुद्राचे पाणी आत शिरलेली जागा, असे पुस्तकात वाचले. मग आमच्या दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीत आणि फ्योर्डमध्ये फरक तो काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे, आणि याचे उत्तर माहीत असले की फ्लोमच्या परिसरात जे दिसते त्याचा अर्थ लागत जातो.

आपली खाडी नदीने घडवलेली आहे. वाशिष्ठी सह्याद्रीतून खाली येते, समुद्राजवळ तिची दरी रुंद होते, त्या खालच्या भागात समुद्राचे पाणी शिरते आणि भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करते. नदी गाळ आणते, तो साचतो, कांदळवन वाढते, आणि म्हणून खाडी उथळ राहते. फ्योर्डची दरी मात्र हिमनदीने कोरलेली आहे. हिमयुगांत नॉर्वेच्या पठारावर बर्फाचे प्रचंड थर साचले होते आणि स्वतःच्या वजनाने ते जुन्या नदीखोऱ्यांतून समुद्राकडे सरकत होते. वाहते पाणी दरीचा तळ कापते. सरकता बर्फ तळ आणि बाजू दोन्ही खरवडून काढतो, आणि त्यासाठी त्याला समुद्रसपाटीशी थांबावे लागत नाही. त्यामुळे सोग्नेफ्योर्ड, ज्याचा आउरलांडफ्योर्ड हा एक फाटा आहे, तो सुमारे २०५ किलोमीटर लांब असून त्याची कमाल खोली १,३०० मीटरहून अधिक आहे. म्हणजे कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून जेवढे वर आहे, त्याच्या जवळपास पाऊणपट अंतर येथे समुद्रसपाटीच्या खाली गेलेले आहे.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. इतक्या खोल फ्योर्डचे समुद्राकडचे तोंड मात्र उथळ आहे. तेथे पोहोचेपर्यंत दरी रुंदावून हिमनदीचा जोर ओसरला आणि खडकाचा एक उंचवटा तळाशी शिल्लक राहिला. त्याला उंबरठा म्हणावे हेच उत्तम, कारण नॉर्वेजियन लोकही त्याला त्याच अर्थाच्या शब्दाने ओळखतात. सोग्नेफ्योर्डच्या या उंबरठ्यावर पाण्याची खोली दीडशे-दोनशे मीटरच आहे, आणि तो ओलांडून आत आले की तळ एकदम खोल उतरत जातो.

बोटीतून पाहताना दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे दरीचा आकार. नदीची दरी वर रुंद आणि खाली निमुळती असते, तर येथे दोन्ही बाजूंच्या भिंती पाण्यातून जवळजवळ उभ्या वर जातात. दुसरी खूण धबधब्यांची. मुख्य हिमनदीला येऊन मिळणाऱ्या लहान हिमनद्या तिच्याइतके खोल खणू शकल्या नाहीत, त्यामुळे बर्फ गेल्यावर त्यांच्या दऱ्या उंच कड्यावर अधांतरी राहिल्या आणि आज तेथील ओढे तसेच्या तसे खाली कोसळतात. गुडवांगेन या गावाजवळचा शेलफॉसेन धबधबा याच प्रकारचा असून त्याची एकूण उंची ७०० मीटरहून अधिक आहे. सह्याद्रीतील धबधब्यांचे कारण वेगळे आहे : तेथे लाव्हाच्या थरांची उतरंड आणि पश्चिमेकडचा तुटलेला कडा पाण्याला खाली झोकून देतो. आपल्या प्राध्यापकांकडून दोन्हींच्या आकृत्या शेजारी शेजारी काढून घ्याव्यात.

प्रश्न : मी मध्य रेल्वेत घाट विभागात नोकरी केली. फ्लोमची रेल्वे जगातील अत्यंत चढाच्या रेल्वेंपैकी एक आहे असे ऐकतो. ती दातेरी रुळांवर चालते का? आपल्या माथेरानच्या गाडीशी तिची तुलना होऊ शकेल का? (एक वाचक, कर्जत)

उत्तर : दातेरी रूळ मुळीच नाहीत. साधी पोलादी चाके साध्या पोलादी रुळांवर, केवळ पकडीच्या बळावर चढतात, आणि रूळही नॉर्वेच्या मुख्य मार्गांवर असतात त्याच प्रमाण रुंदीचे आहेत. चढ १ : १८ असा आहे, म्हणजे अठरा मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर आलेली असते, आणि मार्गाच्या सुमारे ऐंशी टक्के भागात हाच चढ आहे. आपण ज्या भोर घाटात काम केले असेल तेथील चढ १ : ३७ आहे आणि त्यासाठीही गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात, त्याच्या दुप्पट चढ म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार!

माथेरानशी तुलना तर फारच जुळून येते. नेरळ-माथेरान मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा, फ्लोमचा २०.२ किलोमीटरचा. माथेरानची गाडी सुमारे ८०० मीटर उंचीवर पोहोचते. फ्लोमची गाडी समुद्रसपाटीपासून अवघ्या २ मीटरवरून निघून ऑस्लो-बर्गेन मार्गावरच्या मिरडाल स्थानकात ८६७ मीटरवर येते. माथेरानचा चढही १ : २० इतका आहे. फरक वाट काढण्याच्या पद्धतीत आहे. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची दोन फुटी रुळांची गाडी डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणे घेत घेत जाते आणि मार्गात एकच लहानसा बोगदा लागतो. प्रमाण रुंदीच्या रुळांना इतकी तीव्र वळणे पेलत नाहीत, म्हणून फ्लोमच्या बांधणाऱ्यांनी डोंगराच्या पोटात शिरून उंची गाठली. एकूण २० बोगदे आहेत, आणि वरच्या टप्प्यात तर एका बोगद्याच्या आतच गाडी पूर्ण उलट दिशेला वळते. काही ठिकाणी पूल बांधण्याऐवजी नदीलाच रुळांखालून बोगदा काढून दिला आहे. हिमकडे कोसळणाऱ्या दरीत हा उपाय अधिक सुरक्षित ठरला.

वीसपैकी अठरा बोगदे हातांनी खोदलेले आहेत. काम १९२० च्या दशकात सुरू झाले आणि सतरा-अठरा वर्षे चालले. बोगद्याच्या एका मीटरसाठी एका माणसाचे महिनाभराचे कष्ट लागले, असा हिशेब तेथे सांगितला जातो. ऑस्लो ते बर्गेन हा मुख्य लोहमार्ग १९०९ मध्ये पुरा झाला होता, पण तो वरच्या पठारावरून जात होता. खाली सोग्नेफ्योर्डच्या काठच्या लोकांना आणि त्यांच्या मालाला त्या मार्गापर्यंत पोहोचवणे हा या रेल्वेचा मूळ हेतू होता. पर्यटन नंतर आले. १ ऑगस्ट १९४० रोजी, नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना, वाफेच्या इंजिनांवर मालवाहतूक सुरू झाली, पुढच्या वर्षी प्रवासी गाड्या धावू लागल्या आणि १९४४ मध्ये मार्गाचे विद्युतीकरण झाले. त्यासाठी वीज कोठून आणली? वाटेवरच्याच शोसफॉसेन धबधब्यावर वीजकेंद्र बांधून.

याच धबधब्यापाशी गाडी पाच-दहा मिनिटे थांबते. फलाटाच्या लाकडी फळ्या कायम ओल्या असतात, तुषार चेहऱ्यावर येतात आणि शेजारच्या माणसाशी बोलायचे तर ओरडावे लागते. उन्हाळ्यात त्या गर्जनेतून एकाएकी गाणे ऐकू येते आणि वरच्या खडकावर लांब केसांची, तांबडा झगा घातलेली एक स्त्री नाचताना दिसते, नाहीशी होते, पुन्हा दुसऱ्याच खडकावर दिसते. ती नॉर्वेच्या लोककथांतील हुल्ड्रा. आपल्याकडे डोहाकाठी साती आसरा माणसाला ओढून नेतात असे म्हणतात, तशी ही रानात पुरुषांना भुलवून नेते; फक्त तिला गाईचे शेपूट असते. नाचणाऱ्या तरुण मुली नृत्याच्या विद्यार्थिनी असतात. काही प्रवाशांना हा देखावा नाटकी वाटतो. मला मात्र तो त्या जागेला शोभणारा वाटला, कारण वर्षानुवर्षे त्या दरीत एकेकटे गुरे राखणाऱ्या माणसांना पाण्याच्या आवाजात गाणे ऐकू येणे अगदी साहजिक आहे.

एक व्यावहारिक सूचना : बहुतेक लोक वरून खाली येतात. आपण एकदा तरी खालून वर जावे. इंजिनाच्या आवाजावरून चढ कळतो, आणि रेल्वेत आयुष्य घालवलेल्या कानांना तो आवाज चांगलाच समजेल. मधल्या बेरेक्वाम स्थानकात दोन गाड्यांची गाठ पडते, कारण तेथे जोडमार्ग आहे. तेव्हा खिडकीपाशी असावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. आम्ही सर्वजण शाकाहारी आहोत. फ्लोमला त्यांना नेण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अवश्य न्यावे. फ्योर्डच्या प्रदेशातील उत्तमोत्तम दृश्ये वाहनातून किंवा बोटीतून दिसतात, त्यासाठी चढावे लागत नाही. सासूबाईंसाठी मी तीन गोष्टी सुचवीन.

पहिली, फ्लोम ते गुडवांगेन ही सुमारे दोन तासांची बोटफेरी. बोट आधी आउरलांडफ्योर्डमधून जाते आणि मग डावीकडे वळून नॅरॉयफ्योर्डमध्ये शिरते. हा फाटा अत्यंत चिंचोळ्या जागी अवघा २५० मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे डोंगर हजार मीटरहून उंच, काही सतराशे मीटरपर्यंत गेलेले. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ऑस्लो-बर्गेन टपालाचा मार्ग सतराव्या शतकापासून याच पाण्यावरून आणि याच काठाने जात असे. काठावर अधूनमधून दिसणारी एकाकी शेतघरे त्या काळापासूनची वस्ती सांगतात. आत काचेमागे बसायची सोय असते. बाहेरच्या कठड्यापाशी मात्र जूनमध्येही बोचरा वारा लागतो, म्हणून कानटोपी आणि लोकरी शाल हाताशी असू द्यावी.

दुसरी, स्टेगास्टाइनचा सज्जा. आउरलांडहून वर जाणाऱ्या घाटरस्त्यावर, फ्योर्डपासून ६५० मीटर उंचीवर, लाकूड आणि पोलादाचा हा सज्जा डोंगरातून ३० मीटर हवेत पुढे काढलेला आहे आणि टोकाशी तो एकदम खाली वाकतो. तेथे अडवायला फक्त एक तिरकी काच आहे. टॉड सॉन्डर्स आणि टॉमी विल्हेल्मसेन या वास्तुविशारदांची ही रचना २००६ मध्ये खुली झाली. फ्लोमहून बस थेट वर जाते, आणि बसपासून सज्जापर्यंत फारसे चालावे लागत नाही. रस्ता इतका अरुंद आहे की स्वतः गाडी चालवण्यापेक्षा बस बरी.

तिसरी जागा मला सर्वांत प्रिय आहे : उंड्रेडाल. शंभरेक माणसांचे आणि त्यांच्या कित्येक पट शेळ्यांचे हे गाव फ्योर्डच्या काठाशी, डोंगराच्या कुशीत आहे. १९८८ पर्यंत तेथे रस्ता नव्हता, केवळ होडीने जाता येई. गावातले चर्च ११४७ सालातले मानले जाते. उभ्या खांबांच्या सांगाड्यावर उभ्या फळ्या बसवून बांधलेल्या, नॉर्वेच्या खास पद्धतीच्या देवळांपैकी ते एक आहे. आत सुमारे चाळीस माणसे बसू शकतात. बाहेरून पांढरा रंग दिल्याने ते प्रथमदर्शनी साधे वाटते. आत गेल्यावर छत हाताला लागेल इतके जवळ वाटते, लाकडाचा जुना वास येतो, आणि एखाद्या घराच्या देवघरात आल्यासारखे आपोआप आवाज खाली येतो. पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्या माझ्या आत्यांना मी छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘तिथे रोज दिवा कोण लावतं?’ हा. इतक्या लहान गावाने जवळजवळ नऊशे वर्षे हे देऊळ जपले आहे, म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर सगळे गाव, असेच द्यावे लागेल.

याच गावात शेळीच्या दुधाचे तपकिरी चीज होते. चीज केल्यावर उरलेले पाणी, म्हणजे निवळी, तासन्‌तास आटवत ठेवतात. पाणी उडून जाते आणि दुधातली साखर तांबूस होऊन घट्ट गोळा उरतो. चव कशी लागते, असे मला सगळे विचारतात. लोणी कढवून तूप केल्यावर भांड्याच्या तळाशी जी बेरी उरते, तीत थोडी साखर आणि किंचित मीठ घालून वडी थापली, तर जी चव येईल तिच्या अगदी जवळची. त्याचे कागदासारखे पातळ काप एका खास हत्याराने काढतात : फावड्यासारखे पाते आणि त्याच्या मध्ये धारदार फट. १९२५ साली एका नॉर्वेजियन सुताराने आपल्या रंध्यावरून ते तयार केले.

शाकाहाराबाबत मात्र सावधपणे लिहिते. चीज विरजण्यासाठी पुष्कळदा वासराच्या जठरातील रेनेट वापरतात आणि तपकिरी चीजही त्याच निवळीचे असते. त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्यावे. पाव, बटाटे, भाज्या, फळे, दही सुपरमार्केटमध्ये मिळते, आणि स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर प्रश्न सुटतो. घरून नेताना एक नियम लक्षात ठेवावा : युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून नॉर्वेत दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेण्यास मनाई आहे. म्हणून तूप, पेढे, खव्याची मिठाई बॅगेत नको. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी खुशाल न्यावी. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत. नळाचे पाणी उत्तम असते.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र नियमित सह्याद्रीत भटकतो. फ्लोमच्या आसपास एक दिवसाचा चांगला ट्रेक कोणता? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आउरलांडसडालेन. ओस्टरबो येथपर्यंत बसने जावे आणि तेथून वास्बिग्दीपर्यंत सुमारे २० किलोमीटर, बहुतांश उतार, चालत यावे. सात-आठ तास धरावेत. वाट खोल घळीच्या कड्याने जाते, काही ठिकाणी खडक फोडून काढलेली आहे, आणि मध्ये कड्याच्या टोकावर सिन्यारहाइम नावाचे सोडून दिलेले शेत लागते. माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली यावर विश्वास बसत नाही. दगडांवर तांबड्या रंगाने काढलेले ‘टी’ हे अक्षर वाटेची खूण असते. १८६८ मध्ये स्थापन झालेली नॉर्वेची गिर्यारोहण संस्था या खुणा राखते. जूनच्या सुरुवातीला वर बर्फ असू शकतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर बरा.

तेवढा वेळ नसेल तर फ्लोमपासून जवळचा ब्रेक्केफॉसेन धबधबा आहे. वाट लहान पण चांगलीच उभी आहे, आणि तिच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पा कारागिरांनी बसवल्या आहेत. हिमालयाच्या लोकांचे हे काम फ्योर्डच्या काठी पाहताना मला अभिमान वाटला.

तंबू नेत असाल तर, न कसलेल्या जमिनीवर कोणालाही मुक्काम करता येतो हा नॉर्वेतील हक्क १९५७ च्या कायद्याने मान्य झाला आहे. घरापासून निदान १५० मीटर दूर राहावे आणि सखल भागात एका जागी दोन रात्रींपेक्षा अधिक थांबू नये, एवढ्या अटी पाळाव्यात.

प्रश्न : फ्लोमला मध्यरात्रीचा सूर्य दिसेल ना? आणि हिवाळ्यात गेलो तर उत्तर ध्रुवीय प्रकाश? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. फ्लोम सुमारे ६१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मध्यरात्रीचा सूर्य साडेसहासष्ट अंशांच्या पलीकडे दिसतो. जूनमध्ये रात्री अकराच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतरही संधिप्रकाश रेंगाळतो; वाचन करता येईल इतका. ध्रुवीय प्रकाश क्वचित दिसतो, पण त्यासाठी येथे येऊ नये, उत्तरेला ट्रोम्सोकडे जावे. हिवाळ्यात येथे दिवस सहा तासांचा असतो आणि उंच डोंगरांमुळे दरीच्या तळाशी ऊन फारसे पोहोचतच नाही. आउरलांडहून लॅर्डालला जाणारा डोंगरमाथ्याचा ४७ किलोमीटरचा ‘बर्फाचा रस्ता’ही तेव्हा बंद असतो, आणि वाहने डोंगराखालच्या २४.५ किलोमीटर लांबीच्या, २००० साली खुल्या झालेल्या बोगद्यातून जातात. त्यात चालकाला गुंगी येऊ नये म्हणून तीन ठिकाणी निळ्या प्रकाशाची मोठी दालने कोरली आहेत. जगातील सर्वांत लांब रस्ता-बोगदा पाहायचा असेल तर तो मात्र बाराही महिने पाहता येतो.

प्रश्न : इतक्या लहान गावात हजारो प्रवासी घेऊन जहाजे येतात. अशा ठिकाणी आपण जाणे योग्य आहे का, असा प्रश्न मनात येतो. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : हा प्रश्न मलाही दुसऱ्या भेटीच्या वेळी पडला होता, कारण वारा नसलेल्या दिवशी जहाजांचा धूर कड्यांच्या मध्ये अडकून राहिलेला मी डोळ्यांनी पाहिला. अरुंद दरीत हवा कोंडते आणि धुराला वर जायला वाट मिळत नाही. याची दखल नॉर्वेच्या सरकारने घेतली आहे. नॅरॉयफ्योर्ड, आउरलांडफ्योर्ड आणि वारसा क्षेत्रातील इतर फ्योर्डमध्ये १० हजार टनांखालील प्रवासी जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून प्रदूषणमुक्त ऊर्जेवरच चालण्याचे बंधन आहे, आणि मोठ्या जहाजांना हाच नियम २०३२ पासून लागू होईल. माझ्या मते मोठ्यांना दिलेली मुदत फार लांब आहे, कारण धुराचा मोठा वाटा त्यांचाच असतो.

फ्लोम-गुडवांगेन मार्गावर २०१८ पासून पूर्णपणे बॅटरीवर चालणारी प्रवासी बोट आहे. मी तीच निवडली होती. नॅरॉयफ्योर्डच्या चिंचोळ्या भागात चालकाने वेग कमी केला, तेव्हा बोटीचा आवाज जवळजवळ थांबला आणि कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा, मग वर कोठेतरी चरणाऱ्या शेळ्यांच्या गळ्यातील घंटांचा आवाज स्पष्ट येऊ लागला. कठड्यापाशी उभे असलेले पंचवीस-तीस अनोळखी लोक एकाच वेळी बोलायचे थांबले. आपण जरूर जावे. मात्र जहाजाने न जाता ऑस्लोहून किंवा बर्गेनहून आगगाडीने मिरडालपर्यंत यावे, तेथून फ्लोमची गाडी धरावी, गावात मुक्काम करावा आणि बोटीचे तिकीट काढताना ती विजेवर चालणारी आहे का, हे आधी विचारावे.